पळीबाई आडव्या झाल्या

पळीबाईंना आईवडिलांनी एखादं गोड नाव ठेवलं असणारच, पण ते आता फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक आहे आणि त्या बिचाऱ्याची ते तोंडातून काढायची छाती होत नाही. जिन्यात, गल्लीत आणि त्या ज्या इस्पितळाचं स्वयंपाकघर चालवतात तिथंही त्या पळीबाईच. हातात कायम पळी. लांब दांड्याची, मधोमध जराशी वाकलेली, धरायच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. सकाळी घरातून निघताना पिशवीतून पळी डोकावते, संध्याकाळी परतताना पळी आधी जिना चढते आणि मागून बाई. झोपताना ती उशीखाली घेतात अशी एक वदंता आहे. साफ खोटी. उशीशेजारी ठेवतात.

नवरा घड्याळं दुरुस्त करतो. अतिशय सालस माणूस. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीकसारीक चक्रांशी बोलत बसतो, कारण ती उलट बोलत नाहीत. बिनसाखरेचा चहा पितो. "आमच्या ह्यांना गोड आवडतच नाही" असं पळीबाई चारचौघांत मोठ्या अभिमानानं सांगतात, आणि तो मान डोलावतो.

इस्पितळाचं स्वयंपाकघर तळमजल्याच्याही खाली आहे. खिडक्या आहेत, पण छताला चिकटून. त्यांतून बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. वर्षानुवर्षं तिथं काढल्यामुळे पळीबाई माणसं चपलांवरून ओळखतात. अधीक्षक साहेबांचे बूट पॉलिश केलेले आणि पाऊल हलकं. थोरल्या सिस्टरचे पांढरे बूट, टाच आपटत जाणारे. "आल्या, भूकंपबाई आल्या," असं पळीबाई म्हणायच्या आणि भाज्या चिरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

या स्वयंपाकघराची एक रीत होती. सगळं शिजून तयार झालं की चुली बंद व्हायच्या, चमचे खाली ठेवले जायचे, बायका बोलायच्या थांबायच्या. मग पळीबाई पातेल्यापाशी यायच्या, पळी बुडवायच्या, फुंकर घालायच्या, चाखायच्या आणि छताकडे बघायच्या. आचारी फडक्याला पीळ देत उभा. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो बाईंच्या हनुवटीकडे टक लावून बघायचा. हनुवटी वर गेली की पास. मग बाई म्हणायच्या, "जाऊ दे," आणि जेवणाची गाडी लिफ्टकडे हलायची. "जाऊ दे" आल्याशिवाय चाक फिरत नसे. एकदा बाईंना शिंक येऊन अडकली तेव्हा सगळं इस्पितळ ताटकळलं होतं म्हणतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ताटं परत येऊ लागली.

जेवून रिकामी झालेली ताटं परत येतच असतात, त्यात काही नाही. ही भरलेली यायची. सूप होतं तिथंच, भात होता तसा, उकडलेल्या भाज्यांना चमच्याचा स्पर्श नाही. सगळ्यात जास्त हाडांच्या वॉर्डातून. पळीबाईंनी आधी रोग्यांना नावं ठेवली. जीभच आजारी, तर चव कुठून कळणार. मग गाडी ढकलणाऱ्यांना झापलं, रमतगमत जात असाल म्हणून. मग सिस्टर लोकांवर आल्या. सिस्टर लोकांचं म्हणणं, स्वयंपाकच बेचव. दोन्हीकडचे टोमणे लिफ्टनं वरखाली करू लागले. रिकाम्या ट्रेवर चिठ्ठी यायची, "मीठ संपलंय का?" खालून उत्तर जायचं, "मीठ आहे, चाखणारे संपलेत."

हाडांच्या वॉर्डात एक ट्रकवाला होता. माणूस कसला, कपाटच. मिशा अशा की त्यांवर चिमणी बसावी. उजवा हात खांद्यापासून प्लास्टरात, डाव्याला सलाईन. त्याचं ताट रोज, न चुकता, जसंच्या तसं परत. पळीबाईंना तो अपमान जिव्हारी लागला. एके दिवशी त्या पळी घेऊन सरळ त्याच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या सुपात खोट काय आहे ते सांगा, असं त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. ट्रकवाल्यानं पळीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि खिडकीकडे तोंड करून "भूक नाही" म्हणाला. इतर खाटांवरही त्या दिवशी कुणाला भूक नव्हती. पळी हातात घेऊन कुणी विचारलं तर खरं सांगायची कुणाची टाप आहे? पण हे पळीबाईंच्या डोक्यात आलं नाही. त्या म्हणाल्या, मिजास आहे मेल्यांची, आणि खाली आल्या.

मग अधीक्षकांनी बोलावलं.

अधीक्षक साहेब बारीक चणीचे, हळू बोलणारे. आवाज चढवणाऱ्याशी भांडता तरी येतं. हे कधीच आवाज चढवत नसत, त्यामुळे समोरच्याचा आवाज उगाच मोठा वाटायचा. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाले की राउंडला जातो तेव्हा रोज बघतो, लोक ताट उघडूनसुद्धा बघत नाहीत. याचा अर्थ काय घ्यायचा? वरच्या मंडळींनी ठरवलंय, बाहेरच्या कंपनीकडून बंद डब्यांतलं जेवण आणायचं. स्वयंपाकघराला टाळं.

पळीबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

पण एक वाट आहे, साहेब म्हणाले. आचारी थकलाय. त्याला ऐकूही येत नाही. त्याला घरी बसवा, नवा माणूस घ्या. मग मी वर सांगू शकतो की दोष सापडला, दुरुस्ती झाली. तुमचं स्वयंपाकघर राहील, बाकीच्या बायका राहतील. "विचार करा, बाई. एकाच माणसाचा प्रश्न आहे."

आणि खोटं कशाला बोला, पळीबाईंनी विचार केला. त्या खाली आल्या तेव्हा आचारी मोठं पातेलं घासत होता. ते त्याचं काम नव्हे, पण घासणाऱ्या बाईचं मनगट दुखत होतं म्हणून. पळीबाई दारात उभं राहून त्याच्याकडे बघत राहिल्या. हात खरंच थकलेत का याचे? मीठ घालताना थरथरतात का? एकदा संशय शिरला की दुधातही माशी दिसते. त्यांना ते हात थरथरताना दिसायला लागले.

त्या रात्री घरी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नवऱ्याला घाम फुटला. बायको भांडत असली की त्याला कळायचं जग जागेवर आहे. शेवटी धीर करून त्यानं विचारलं आणि बाईंनी सगळं सांगितलं. त्यानं हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाला, "अगं, घड्याळ थांबलं की गिऱ्हाईक काट्याकडे बोट दाखवतं. हा हलत नाही म्हणतं. काटा काय करील? अडलेलं असतं दुसरीकडेच."

"मग रोग्यांच्या पोटाला किल्ली द्या जाऊन," असं म्हणून पळीबाई कूस बदलून झोपल्या. पण झोपल्या कसल्या, डोळे टक्क उघडे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूप पुन्हा पुन्हा चाखलं. गरम असताना, कोमट झाल्यावर, पळीनं, चमच्यानं. चांगलं होतं. त्या आचाऱ्याच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. थरथरत होतं ते आपलंच मन, हे कळल्यावर पळीबाईंना स्वतःचा असा राग आला की तो ठेवायला जागा हवी होती. जागा दोन मजले वर होती. त्या पळीसकट अधीक्षकांच्या खोलीत शिरल्या.

"आचारी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यानं रांधलं, मी चाखलं. माझ्या 'जाऊ दे'वर गाडी गेली. दोष असेल तर माझा. काढायचं तर मला काढा. पण त्याआधी मला तुमच्या खाटेवर झोपवा, रोग्यासारखी. त्याच वॉर्डात, त्याच वेळेला, तेच ताट द्या. शेवटच्या शितापर्यंत संपवून दाखवते. नाही संपवलं तर ही पळी तुमच्या टेबलावर ठेवीन आणि परत मागणार नाही."

साहेबांना असल्या वेडेपणाची सवय नव्हती, पण नकार द्यायला कारणही सापडेना. त्यांनी थोरल्या सिस्टरला बोलावलं. थोरल्या सिस्टरचं आणि पळीबाईंचं जुनं होतं. मागे एकदा लिफ्टमध्ये गाडी हिंदकळून सूप सिस्टरच्या पांढऱ्या बुटांवर सांडलं होतं आणि सिस्टरनी चार लोकांत पळीबाईंना बोल लावला होता. त्यावर पळीबाईंनी हट्टानं नवी झाकणं मागवली होती, दोन्ही बाजूंना खटके असलेली. ट्रे उलटा धरून सगळ्यांना दाखवायच्या: "सांडलं? सांडलं का काही?" अशा त्या सिस्टर. पैज ऐकून त्यांच्या डोळ्यांत चमक आली. म्हणाल्या, रोगी व्हायचं तर नीट रोगी व्हा.

पळीबाईंना इस्पितळाचा गाऊन चढवला. तो मागून बांधायचा असतो हे त्यांना तेव्हा कळलं. ट्रकवाल्याच्या शेजारची खाट रिकामी होती, तिच्यावर त्यांना आडवं केलं. उजव्या हाताला लाकडी पट्टी लावून बँडेज गुंडाळलं, सलाईन लावतात तसं. उशी एकच. डोकं वर करायचं नाही, या वॉर्डात कितीतरी जणांना करता येत नाही. पळी पायथ्याशी कठड्याला टांगली. जन्मभर पायांवरून माणसं ओळखणाऱ्या बाईला आता फक्त हनुवट्या आणि नाकपुड्या दिसू लागल्या. अधीक्षकांच्या नाकात एवढे केस असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

सगळा वॉर्ड जागा होता. कण्हणारेसुद्धा कण्हायचे थांबले होते.

जेवणाची गाडी आली. त्याच वेळी राउंडची घंटा झाली. घंटा झाली की वॉर्डातल्या आया, मदतनीस, गाडीवाले, सगळ्यांनी बाहेर जायचं असा नियम. सिस्टर लोक फायली घेऊन डॉक्टरांच्या मागे. गाडीवाल्यानं घाईघाईनं ट्रे ठेवले. खाटेपाशी डॉक्टरांना उभं राहायला जागा हवी म्हणून, तेही उशाकडच्या कपाटावर, डोक्याच्या मागच्या बाजूला. आणि पळाला.

पळीबाई डाव्या हातानं मागे चाचपडल्या. ट्रे लागला. ओढला, छातीवर घेतला. इथवर सगळं मनासारखं. त्यांनी सुपाच्या डब्याचा एक खटका दाबला. उघडला. दुसरा दाबायला गेल्या तर पहिला बसला. खट्. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, पुन्हा खट्. दोन्ही एकदम दाबायला हवेत आणि हात एक. त्यांनी डबा हनुवटीखाली धरून बघितला, मग गुडघे वर करून त्यांत धरून बघितला. गाऊनचं जे व्हायचं ते झालं. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी सभ्यपणे डोळे मिटून घेतले. शेवटी डबा सटकला, जमिनीवर आपटला, उसळला, घरंगळत अधीक्षकांच्या पॉलिश केलेल्या बुटांपाशी जाऊन थांबला.

एक थेंब सांडला नव्हता. झाकण उत्तम होतं.

कुणी हसलं नाही. बरं झालं असतं हसले असते तर. ट्रकवालाच पहिल्यांदा बोलला, छताकडे बघत. "मी दातानं बघितलं होतं एकदा, ताई. पण म्हटलं झाकणावर दात उमटले तर तुम्ही पळी घेऊन याल."

पळीबाईंना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी मान वळवली. उशीवरून त्याचा चेहरा पहिल्यांदाच आपल्या पातळीवर दिसत होता. "मी विचारायला आले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही विचारायला नव्हता आलात." मग तो म्हणाला, "आणि एवढा देह घेऊन कुणाला म्हणायचं, ताई? झाकण उघडत नाही म्हणून? एवढा ट्रक घाटातून चढवतो मी."

"राउंड झाल्यावर?"

"मागितलं तर सिस्टर देतात उघडून. तोवर गार होतं. आणि रोज मागायचं?"

तेवढ्यात अधीक्षकांनी वाकून डबा उचलला, कपाटावर ठेवला आणि आपल्या हळू आवाजात पैजेची आठवण करून दिली. वेळेवर आठवण करून देण्यात ते पटाईत.

"हरले," पळीबाई म्हणाल्या. "पळी तुमच्या टेबलावर येईल. झाकण माझं, मी आणलं, मी मिरवलं. कुणी सांगू नये अशी माझी दहशत, तीही माझीच. पण साहेब, ती घंटा कुणाची?"

साहेबांनी कोटाची बटणं चाचपली.

"जेवण येतं आणि मदतीचे सगळे हात बाहेर जातात, तो नियम कुणाचा? तुम्ही रोज उभ्यानं बघता, झाकण लावलेलं ताट दिसतं, आणि म्हणता आचारी काढा. मी पातेल्यापाशी उभं राहून बघते आणि म्हणते रोगी माजलेत. आपण दोघंही उभेच. मी आडवी झाले. आता तुमची पाळी."

थोरल्या सिस्टर पुढे काय होतंय ते बघायला फाईल छातीशी धरून उभ्या. अधीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं, राउंड चालू असल्याचं निमित्त केलं, आणखी काहीतरी पुटपुटले. पळीबाई खाटेवरून उठल्या, गाऊन मागून घट्ट मुठीत धरला आणि रिकाम्या खाटेवर हात आपटला. ट्रकवाला म्हणाला, "या साहेब, गादी बरी आहे." आणि सगळा वॉर्ड असा बघू लागला की त्या नजरांपुढे आडवं होण्यापेक्षा उभं राहणं अवघड झालं. साहेबांनी कोट काढला. कोटाशिवाय ते बसची वाट बघणाऱ्या कुणासारखेही दिसत होते. सिस्टरनी त्यांच्या हाताला पट्टी बांधली, आणि जरा आवळूनच बांधली असं बघणारे सांगतात.

साहेबांचे खटके चालू झाले. खट्. खट्. कपाळावर घाम. इतक्यात राउंड त्या खाटेपाशी पोचली. एक तरुण डॉक्टर फाईलीत डोकं घालूनच आला, त्याच्या कोपरानं साहेबांच्या छातीवरचा ट्रे बाजूला सरकला. त्यानं पायथ्याच्या तक्त्याकडे बघितलं, ट्रेवरच्या बंद झाकणाकडे बघितलं, खाटेवरच्या माणसाकडे काही बघितलं नाही, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "जेवण नाकारलं."

"मी नाकारलेलं नाही," खाटेवरून साहेब म्हणाले.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. तरुण डॉक्टरनं मान वर केली आणि त्याच्या हातातलं पेन पडलं.

आता तुम्हाला वाटेल, तिथंच साहेबांनी पळीबाईंचे हात हातात घेतले असतील. तसलं काही नाही. खाटेवरून उठून कोट चढवेपर्यंत त्यांचा आवाज पुन्हा खाली उतरला होता, आणि बाई नि साहेब वॉर्डाच्या दारातच भांडायला लागले. साहेबांचं म्हणणं, राउंडची वेळ हलणार नाही, ऑपरेशनं तिच्यावर अवलंबून असतात. बाईंचं म्हणणं, मग माझी गाडी राउंड संपल्यावर सुटेल. साहेब म्हणाले, तेव्हा लिफ्ट धुलाईच्या कपड्यांना लागते. बाई म्हणाल्या, चादरींना भूक नसते, त्या थांबतील. थोरल्या सिस्टर मधेच म्हणाल्या की आया बाहेर थांबण्याऐवजी गाडीबरोबर आत आल्या तर पहिला घास होईपर्यंत त्यांना ठेवता येईल. पळीबाईंनी भूकंपबाईंकडे असं बघितलं जणू आत्ताच ओळख झाली.

दुपारी आचाऱ्यानं पकड घेतली आणि बसून सगळ्या झाकणांचे खटके तोडले. कट्, कट्, कट्. त्याला कारण कुणी सांगितलं नाही. तो गेला असता हेही त्याला कधी कळलं नाही. निदान कळलं असेल तर ऐकू आलं नाही असं त्यानं दाखवलं. त्याला एवढंच दिसलं की बाईंच्या हातात पळी नाही.

कारण पळी त्यांनी कबूल केल्याप्रमाणे अधीक्षकांच्या टेबलावर ठेवली होती. शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाला, चुली बंद झाल्या, चमचे खाली ठेवले गेले, सगळे बाईंकडे बघू लागले. आचारी हनुवटीकडे बघत उभा. पळीबाईंनी एक चमचा घेतला आणि त्याच्या हातात दिला. "तूच चाख," त्या म्हणाल्या, त्याला कळावं म्हणून तोंड मोठं करून. "आणि तूच म्हण." आचाऱ्यानं चाखलं. मग छताकडे बघितलं, अगदी बाईंसारखं, आणि एवढ्या मोठ्यानं "जाऊ दे" म्हणाला की रस्त्यावरचे दोन पाय खिडकीपाशी थबकले.

पळीबाई गाडीबरोबर लिफ्टनं वर गेल्या आणि हाडांच्या वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपाशी स्टुलावर बसल्या. शेवटचं ताट तिथं येतं. तिथं ते कसं पोचतं ते त्यांना बघायचं होतं. ट्रकवाल्याला एका आयानं सूप भरवलं. पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "मिठाला जरा हात आखडलाय." पळीबाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं तिखट. ते त्यांनी गिळलं. पोटात गेलं की नाही ठाऊक नाही, पण गिळलं.

त्या आठवड्यात त्यांनी घरीही नवऱ्यापुढे बसून विचारलं, माझ्यामुळे तुमचं काय अडतं ते सांगा, पळी नाहीये हातात. नवऱ्यानं भिंग काढलं. बऱ्याच वर्षांनी आलेली संधी वाया जाऊ नये म्हणून नीट विचार केला. मग म्हणाला की साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर आहे, माझा हात पोचत नाही.

"ते मला माहीत आहे," पळीबाई म्हणाल्या. "मुद्दामच ठेवलाय. साखर तपासली होती ना तुमची? तो तिथंच राहील." आणि वर असंही म्हणाल्या की विचारणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. जिन्यात हे कळल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्याला बाईंनी कधीतरी दिलेला खटक्याचा डबा काढला. तो त्यांना आजवर उघडता आला नव्हता. त्यात काय होतं ते आता शोधायलाही नको.

राहता राहिली ती कंपनी. टाळं लावायचा विचार वरच्या मंडळींनी अजून सोडला नव्हता, त्यामुळे कंपनीचा माणूस नमुन्याचे डबे घेऊन आला. टाय लावलेला, हसरा, बोलायला लागला की थांबेना. डबे देखणे होते. वर ताणून बसवलेलं पारदर्शक प्लास्टिक, हवाबंद, हात न लागलेलं. त्यानं एक डबा उलटा करून दाखवला. "बघा, सांडलं?"

पळीबाई दारात उभ्या होत्या. "माझं पण सांडत नव्हतं," त्या म्हणाल्या.

अधीक्षकांनी टेबलावरच्या पळीकडे बघितलं. तिच्याशेजारी त्यांनी ती लाकडी पट्टीही ठेवली होती, बँडेजसकट, कशाला ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते उठले, पट्टी उचलली आणि आपल्या हळू आवाजात कंपनीच्या माणसाला म्हणाले, "चला, वॉर्डात जाऊ. जरा कोट काढा."

तो बिचारा आधी हसला. गाऊन मागून बांधायचा असतो हे कळेपर्यंत हसत होता. मग डाव्या हातानं प्लास्टिकशी झटायला लागला. नखानं ओरखडलं, बोटानं टोचलं. प्लास्टिक नुसतं वाकुल्या दाखवत आत जायचं आणि वर यायचं. ट्रकवाल्याच्या डाव्या हाताचं सलाईन एव्हाना निघालं होतं, तो भाताचे घास घेत मजेत बघत होता. "दातानं उघडा, साहेब," तो म्हणाला. "हल्ली इथं परवानगी आहे." कंपनीच्या माणसानं दात लावले, प्लास्टिक फाटलं, आणि सूप पिचकारीसारखं उडून त्याच्या टायवर, मिशीवर आणि थोरल्या सिस्टरच्या पांढऱ्या बुटांवर पडलं.

या वेळी वॉर्ड हसला. थोरल्या सिस्टर खाली बुटांकडे बघून म्हणाल्या की एवढ्यासाठी घरचं सूपच बरं.

डबेवाला गेला. अधीक्षकांनी वरच्या मंडळींना काय कळवलं ते त्यांनाच ठाऊक, पण टाळं आलं नाही, आणि आचारी अजून मोठ्यानं "जाऊ दे" म्हणतो. संध्याकाळी साहेब पळी घेऊन जिना उतरून स्वयंपाकघरात आले. त्या पायऱ्या ते पहिल्यांदाच उतरत होते. पळीबाईंनी पायऱ्यांवरचे बूट बघूनच ओळखलं होतं. साहेबांनी पळी दोन्ही हातांनी पुढे केली.

पळीबाईंनी हात पुसले, पण पळी घेतली नाही.

"ठेवा तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "पुन्हा कधी कुणाला काढावंसं वाटलं तर आधी टेबलावर बघाल. आणि उद्या जेवायला कुठल्या खाटेवर येताय तेवढं सांगून जा, म्हणजे पट्टी बांधायला माणूस पाठवते."